रीबॉन्डिंग सोडून मूळच्या कुरळ्या केसांकडे, सांध्यावर तुटतायत, सल्ला हवा (बेळगाव)

टिळकवाडी_कुरळी: शेवटचं रीबॉन्डिंग (केमिकलनं केस कायमचे सरळ करणं) होऊन आठ महिने झाले. मुळाकडचे चार इंच कुरळे, खाली कमरेपर्यंत सपाट. दोन्ही जुळतात तिथं तुटायला लागलेत. बॉयकट नको, वैशाखात घरात लग्न आहे. पाणी बोअरचं. काय वापरू? कापायचं तर किती?

कात्री_कंगवा: वापरायचं नंतर बघू की. आधी तुमच्याकडं नक्की काय केलंय ते पार्लरमध्ये विचारून घ्या. आपल्याकडं रीबॉन्डिंग, स्मूदनिंग बहुतेक अमोनियम थायोग्लायकोलेटवर होतं. परदेशी डब्यातलं रिलॅक्सर सोडियम हायड्रॉक्साइडचं असतं. दोन्ही केसातले डायसल्फाइड बंध, म्हणजे केसाला आकार देणारे जोड, तोडतात. त्यामुळं सपाट झालेला भाग कुठल्याच तेलानं परत कुरळा होत नाही, तो कापूनच जायचा. केराटिन ट्रीटमेंटचं वेगळं, तो केसावरचा लेप असतो, काही महिन्यांत धुऊन उतरतो.

आणि "मुळाला टचअप करूया", म्हणजे नवीन वाढलेला भागही केमिकलनं सरळ करूया, म्हणाले तर थेट नाही म्हणा. थायोग्लायकोलेट लागलेल्या केसावर हायड्रॉक्साइड पडलं की केस तुटून हातात येतात.

कापण्याचं: केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. आत्ता कमरेवरून खांद्यापर्यंत या, मग दर 6-8 आठवड्यांनी 2-3 सेंटिमीटर. म्हणजे वाढीपेक्षा थोडं जास्तच कापलं जातं, सपाट भाग हळूहळू संपतो. कोरडे असताना कापा. ओल्या केसात लांबी फसवते, वाळल्यावर कुरळा भाग आखडून वर जातो.

टिळकवाडी_कुरळी: आणि तुटतात ते?

खानापूर_पागोळी: गळणं की तुटणं ते आधी बघा. टोकाला पांढरा बारीक गड्डा असेल तर मुळातून गळलाय, रोज 50 ते 100 गेले तरी चालतात. गड्डा नसलेले आखूड तुकडे म्हणजे सांध्यावरचं तुटणं.

कारण ताण. कुरळा भाग आखडतो, सपाट भाग ओला झाला की लांबतो, ओढ मध्येच बसते. म्हणून कोरडे केस विंचरू नका. कंडिशनर भरपूर लावून, चार भाग करून, मोठ्या दातांच्या फणीनं खालून वर या. सांध्याच्या जरा वर चिमटीत धरायचं, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. अंबाडा आवळून नको, गजरा सैल वेणीवर माळा. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, जुन्या सुती साडीचा तुकडा बरा.

धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल, दोन चमचे, सपाट भागालाच. ते केसाच्या आत शिरतं, पॅराफिनवालं तेल वरच राहतं.

कात्री_कंगवा: बोअरच्या पाण्यावर अर्धं गाडं अडतं बरं का. बाटलीत पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा कीस टाकून हलवा. फेस न येता चोथा तरंगला तर पाणी जड. त्यातला कॅल्शियम केसावर बसतो, केस राठ होतात आणि गुंतात. महिन्यातून एकदा ईडीटीए (कॅल्शियम धरून काढणारं रसायन) असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेलं धुऊन काढणारा शाम्पू. एरवी शेवटचा तांब्या आर.ओ.च्या पाण्याचा, लिटरभरात एक चमचा व्हिनेगर. नुसतं लिंबू पिळू नका, खायचा सोडा तर अजिबात नको.

खानापूर_पागोळी: पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरा, पहिले दोन पाऊस कौलं धुऊन गेल्यावर. त्याच्याइतकं मऊ पाणी नाही.

जेल घरीच होतं. पाव वाटी जवस, रविवार पेठेत "अगसी" मागा, दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर 8-10 मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच मलमलीतून गाळा. गार झालं की गाळलंच जात नाही, सगळ्यांचं तिथंच फसतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला तर फेकून द्या.

टिळकवाडी_कुरळी: आणि लग्नात? वर कुरळे, खाली सुया असं दिसतंय.

खानापूर_पागोळी: आदल्या रात्री ओलसर केसाला जेल लावून दोन-दोन बटांचे पीळ घाला, टोकं मऊ रोलरवर गुंडाळा. पूर्ण वाळल्याशिवाय सोडू नका, थोडा जरी ओलावा राहिला तरी सपाट भाग तासाभरात उतरतो. इस्त्री नको, ती कुरळ्या भागाचंही वाटोळं करते.

कात्री_कंगवा: घरी कापणार असाल तर शिवणाची कात्री घेऊ नका. ती केस चिरडते आणि महिन्यात तिथंच फाटे फुटतात. केसांची साडेपाच-सहा इंचांची घ्या, तिनं दुसरं काही कापू नका.