किटेलवर मराठीत व्याख्यान ठेवलं तर एवढं काय बिघडलं?

शहापूरचा वाचक
आमच्या बेळगावातल्या मराठी वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी यंदा मी एक विषय सुचवला, कन्नड-इंग्रजी कोश करणारा फर्डिनांड किटेल. बैठकीत दोघांनी लगेच नाकं मुरडली. एक म्हणाला, तो कन्नडवाल्यांचा. दुसरा म्हणाला, तो पाद्री. दोन्ही खरं आहे, तरी माझा आग्रह कायम आहे.

१८३२ साली उत्तर जर्मनीत एका ल्युथरन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) पाद्र्याच्या घरी हा जन्मला. स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशन या धर्मप्रचार संस्थेच्या सेमिनरीत शिकून १८५३ मध्ये धारवाडला आला आणि आल्या आल्या कन्नडच्या मागे लागला. खेडोपाडी पायी फिरायचं, लोकांसारखं राहायचं, पंडितांपुढे बसून जुनी काव्यं वाचायची. मिशनच्या वरिष्ठांना हे पटेना. तुला धर्म सांगायला धाडलंय, हे काय चालवलंयस, असा एकूण सूर. बरीच वर्षं त्याला बाजूलाच ठेवलं. बायको १८६४ मध्ये वारली, पुढे तब्येतही ढासळली. तरी १८७२ मध्ये केशिराजाचं 'शब्दमणिदर्पण' हे जुनं व्याकरण त्यानं संपादून छापलं, १८७५ मध्ये नागवर्माचा छंदशास्त्रावरचा ग्रंथ. आणि १८९४ मध्ये मंगळूरला तो कन्नड-इंग्रजी कोश बाहेर पडला. सुमारे ७०,००० शब्द, सतराशेच्या वर पानं.

आपण सीमाभागातले लोक उठता-बसता भाषेवर बोलतो. भाषेपायी आपल्याच माणसांची बोलणी खाल्लेला माणूस शेजारच्या धारवाडात होऊन गेला आणि आपल्याला त्याचं नाव धड ठाऊक नाही, हे मला खटकतं.

खानापूर रोड
कौतुकाला माणसं कमी पडली काय की? उताऱ्याला गेलं तर कागद कन्नडमध्ये. परिपत्रक मराठीत द्या म्हणून निवेदनं देऊन देऊन महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांच्या चपला झिजल्या. पाटीवर साठ टक्के कन्नड नसेल तर दुकानदाराला नोटीस. १९५६ पासून हेच चाललंय, २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. आणि आम्ही आमच्या वर्गणीतून कन्नड कोशकाराची आरती ओवाळायची! बेंगळुरात पुतळा आहे त्याचा, धारवाडात त्याच्या नावाचं कॉलेज आहे. त्याचं काही अडलेलं नाही.

निपाणीची सून
माहेर बैलहोंगल, सासर निपाणी, म्हणजे मी दोन्हीकडून शिव्या खाणार. सासरे वकील होते. जुने दस्त वाचताना किटेल त्यांच्या टेबलावर असायचा, कडा खाल्लेला, पुठ्ठा सुटलेला. एखादी नोंद उघडून तरी बघा. आधी कन्नड अक्षरांत शब्द, मग इंग्रजी अर्थ, तमिळ-तेलुगू-मलयाळम-तुळूतले भाऊबंद, जुन्या काव्यातला किंवा म्हणींतला आधार. मराठीतून आलेला शब्द असेल तर तसं स्पष्ट लिहिलंय. त्यानं काही लपवलं नाही. पाटीवरून नोटीस काढणाऱ्यांचा राग त्या बिचाऱ्यावर कशाला?

निवृत्त मास्तर
नोटिसांचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. माझा आक्षेप वेगळा आहे. हे चरित्र आपण नेहमी 'परक्या माणसाचं भाषाप्रेम' म्हणून सांगतो. पगार मिशनचा, छापखाना मिशनचा, हेतूही मिशनचा. लोकांच्या भाषेत शिरल्याशिवाय त्यांच्या श्रद्धेत शिरता येत नाही, हे या मंडळींना पक्कं कळलं होतं. दुसरं, ज्या पंडितांनी आणि मुन्शींनी, म्हणजे साहेबांना भाषा शिकवणाऱ्या इथल्या जाणकारांनी, त्याला अर्थ सांगितले, त्यांची नावं यातल्या कोणाला येतात? मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी कोशाचंही तेच. शास्त्री राबले, नाव साहेबाचं. व्याख्यान ठेवायचंच तर त्या मुन्शींवर ठेवा.

पाळकाच्या घरातला
मी मराठी ख्रिस्ती, बेळगावचाच. मास्तरांचं अर्धं मान्य. पण धागा काढणाऱ्यांशी माझं भांडण जास्त आहे. तुम्ही किटेलला त्याच्या पाद्रीपणातून सोडवायला निघालात. तो कशाला सुटेल? १८६२ मध्ये त्यानं 'कथामाले' लिहिली, ती येशूचीच कथा, कन्नड छंदांत. छंदांचा अभ्यास आणि प्रवचन या त्याच्या दृष्टीनं दोन गोष्टी नव्हत्याच. वरिष्ठांशी खटका उडाला तो पद्धतीवरून, श्रद्धेवरून नव्हे.

आणखी एक. बासेल मिशन निव्वळ ल्युथरन नव्हतं, ल्युथरन आणि रिफॉर्म्ड या दोन्ही प्रोटेस्टंट पंथांचं मिळून होतं. बेळगावात तर ते नव्हतंच. इथं १८२० साली लंडन मिशनचा टेलर आला, पुढे काम मेथडिस्ट या आणखी एका प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. किटेलचा वावर धारवाड, हुबळी, मंगळूर, मडिकेरीचा. त्याला ओढून सीमाभागात आणू नका.

आता हेतूबद्दल. धर्म बदलला की माणूस जातीतून बाहेर, धंदाही गेला. म्हणून मिशननं विणकामाचे माग घातले, १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. मंगळुरी कौलं आपल्या कितीतरी जुन्या घरांवर आहेत, ती घालताना कुणी हेतू विचारला नाही. हे उपकार म्हणून सांगत नाही. मजूर तिथं बरेचसे ख्रिस्ती होते आणि शिस्त कडक होती. पण 'भाषा हे केवळ जाळं' म्हणणं हे 'केवळ प्रेम' म्हणण्याइतकंच अर्धवट आहे.

शहापूरचा वाचक
बेळगाव-बासेलबद्दलची दुरुस्ती बरोबर आहे. 'शेजारचा' एवढंच मला म्हणायचं होतं. मास्तर, हेतू मिशनचा हे कबूल, पण मिशनला कामापुरतं कन्नड पुरलं असतं. त्यासाठी तेराव्या शतकातलं व्याकरण हाती घ्यायची गरज नव्हती. कामाची गरज संपल्यावरही तो पुढे गेला. आजारी पडून जर्मनीला गेला तरी कोश सोडला नाही, १८८३ मध्ये उरलेलं गोळा करायला पुन्हा इकडे आला. हा हट्ट कुठल्या हेतूच्या खात्यात टाकायचा?

निवृत्त मास्तर
विद्वत्तेच्या. ती मी नाकारलीच नव्हती. विद्वत्ता आणि सत्ता एकाच घरात नांदत होत्या, तेवढं सांगा म्हणतो. १८९६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली ती किटेलला, मुन्शींना नाही.

खानापूर रोड
तुमचं छंद आणि कौलं चालू द्या. मला व्यवहाराचं सांगा. बोलणार कोण? धारवाडहून प्राध्यापक आणाल, तो कन्नडमध्ये बोलणार, खाली पोरं मोबाईल बघत बसणार, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'मराठी वाचनालयात कन्नडचा जागर' म्हणून बातमी. तेवढंच राहिलंय.

निपाणीची सून
मास्तरच बोलू देत की. मराठीत, आणि विरोधातच. मुन्शींपासून सुरुवात करा, किटेल आपोआप येतोय की नाही बघू.

निवृत्त मास्तर
बोलेन. पण पत्रिकेवर 'थोर कन्नडसेवक' वगैरे छापलंत तर येणार नाही. आणि तो पुठ्ठा सुटलेला कोश तुमच्या सासऱ्यांकडून आठवडाभर पाठवून द्या, माझ्याकडे नाही.