ल्यूबा: फक्त बर्फामुळे टिकली नाही

‘अचानक कडाक्याची थंडी पडली आणि मॅमथ (हिमयुगातले केसाळ हत्ती) उभ्या-उभ्या गोठले’ असं काही जण म्हणतात. ते बरोबर नाही. ल्यूबा या मॅमथच्या पिल्लाचंच उदाहरण घ्या.

मे २००७ मध्ये सायबेरियातल्या यमाल द्वीपकल्पात, युरिबेई नदीकाठी नेनेत्स जमातीच्या एका रेनडियरपालकाला ही मादी पिल्लाची कुडी दिसली. सुमारे ४२ हजार वर्षं जुनी, वजन ५० किलो, लांबी १३० सेंमी. दातांच्या थरांवरून मृत्यूसमयीचं वय निघालं जेमतेम ३०-३५ दिवस. सीटी स्कॅनमध्ये सोंडेत आणि श्वासनलिकेत गाळ ठासलेला आढळला, म्हणजे ते चिखलात गुदमरून मेलं. गोठणं नंतरचं.

खरी गंमत पुढे आहे. त्या गाळात, हवेविना, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू शरीरात वाढले. आपल्याकडे मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) टिकतो तो याच आम्लामुळे. ल्यूबा अक्षरशः मुरली! म्हणूनच बहुधा २००६ च्या वसंतात नदीने ती उघडी पाडल्यावर जवळपास वर्षभर बाहेर राहूनही ती सडली नाही. उजवा कान आणि शेपटीचा भाग गेला तो मात्र सापडल्यानंतर, गावात नेल्यावर कुत्र्यांनी कुरतडल्यामुळे. शोध लागल्यावरचे पहिले काही दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात.

पोटात आईचं दूध होतं आणि आतड्यात मोठ्या मॅमथची विष्ठा. हत्तीची पिल्लंही ती खातात, पचनाला लागणारे जिवाणू त्यातूनच मिळतात. नुसत्या हाडांवरून हे कधीच कळलं नसतं.