आरएफआयडी टॅगचा खर्च माल विणणाऱ्याने का सोसायचा?

यंत्रमाग_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे, माल बहुतेक अमेरिकेला जातो, थेट नाही, मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत. गेल्या काही सीझनपासून अट आलीय की प्रत्येक टॉवेलच्या लेबलात आरएफआयडी टॅग पाहिजे. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कागदाएवढा पातळ स्टिकर असतो, आत ॲल्युमिनियमचा अँटेना आणि मोहरीपेक्षा बारीक चिप, बॅटरी वगैरे काही नाही. रीडरने रेडिओ लहरी सोडल्या की त्याच लहरींवर चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. बारकोड कसा एकेक समोर धरून टिपायला लागतो, तसं नाही, खोकं बंद असलं तरी आतले सगळे टॉवेल दोन-चार सेकंदात मोजून होतात. तंत्रज्ञान भारी आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पैशाची आहे. टॅगला चार-पाच रुपये जातात, तेही कुठलाही स्वस्त घेऊन चालत नाही, अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठाची लॅब आहे तिथे पास झालेलाच लागतो, वर प्रिंटर आला, तपासायला हातातला रीडर आला, ते चालवायला शिकलेला पोरगा आला. सूत महागलं, वीज महागली, आणि आता हे, पण पीसचा रेट जिथल्या तिथे. छोट्या नॅपकिनवर तर सगळं जाऊन आम्हाला सुटतात तेवढेच पैसे टॅगला जातात. आणि मोजणी सोपी कुणाची झाली? अमेरिकेतल्या दुकानाची. माझं मत सरळ आहे, ज्याला फायदा त्याने टॅगचे पैसे द्यावेत, बिलात वेगळी ओळ टाकून.

गोदामकर_भिवंडी:
दादा, रेट वाढला पाहिजे हे मान्य, पण फायदा फक्त दुकानाचा हे नाही पटलं. मी भिवंडीत कपड्यांच्या गोदामात बारा वर्षं काढलीत. आधी स्टॉक मोजायचा म्हणजे दोन रात्री शटर पाडून, पंधरा-वीस पोरं स्कॅनर घेऊन, आणि तरीही आकडा जुळायचा नाही, मग परत मोजा. टॅगवाला माल आला की एक माणूस रॅकमधून चालत जातो आणि चहाच्या वेळेला काम झालेलं असतं. हा वेळ वाचला म्हणून गाडी लवकर सुटते, म्हणून पुढची ऑर्डर लवकर निघते, ती तुमच्याकडेच येते ना. साखळीत एकाचा फायदा दुसऱ्यापर्यंत पोचतोच, थोडा उशिरा पोचतो एवढंच.

यंत्रमाग_सोलापूर:
पोचतो म्हणता, पण वीस वर्षं झाली की ओ. वॉलमार्टने २००३ सालीच त्यांच्या सगळ्यात मोठ्या १०० पुरवठादारांना सांगितलं होतं की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर, म्हणजे खोकी रचायच्या लाकडी फळ्यांवर, टॅग लावा. तेव्हाही हीच बोंब झाली होती, खर्च पुरवठादाराचा. २००८ ला त्यांच्याच सॅम्स क्लबने टॅग नसलेल्या पॅलेटमागे २ डॉलर आकार लावायचं पत्र काढलं, नंतर तो १२ सेंटवर आणावा लागला. म्हणजे मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांनी ओढून धरलं तेव्हा ते नमले. आम्ही ओढून धरलं तर ऑर्डर तामिळनाडूत करूरला जाते नाहीतर पाकिस्तानात.

डॅलसवासी:
मी इथे एका मोठ्या दुकानात काम करते, होम सेक्शनला, म्हणजे तुमचे टॉवेल माझ्याच हातातून जात असतील. एक गोष्ट सांगते. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, या रंगाचा बाथ टॉवेल आहे का, कॉम्प्युटर म्हणायचा सहा आहेत आणि रॅकवर एकही नसायचा, मागच्या खोलीत कुठल्या खोक्यात पडलेत कुणाला पत्ता नाही, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत. आता हातात रीडर घेऊन फिरलं की कळतं कुठला माल मागे पडून आहे, तो पुढे आणून लावतो. टॉवेल विकला गेला तरच सोलापूरला पुढची ऑर्डर जाणार. आर्कान्सा विद्यापीठाने २००५ मध्ये वॉलमार्टच्या दुकानांत मोजून बघितलं होतं, टॅगवाल्या दुकानांत माल संपलेला असण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी झालं होतं. दुकानाला जास्त विक्री म्हणजे विणणाऱ्यालाही जास्त काम, मला तरी हे असंच दिसतं.

यंत्रमाग_सोलापूर:
ताई, तुम्ही सांगता ते खरंच असेल. पण वाढलेल्या विक्रीतला वाटा मला माझ्या खात्यात दिसत नाही, टॅगचं बिल मात्र दर महिन्याला दिसतं. वरून गेल्या वर्षी एका खेपेत नंबर दुबार पडले म्हणून डेबिट नोट आली, म्हणजे बिलातून पैसे कापले, आख्ख्या खेपेचा नफा गेला.

लहरी_इंजिनिअर:
दुबार नंबर पडणं ही टॅगची चूक नाही, छापताना सिरीयल परत एकपासून सुरू झाला असणार. बारकोडमध्ये एका डिझाइनच्या सगळ्या टॉवेलना एकच नंबर चालतो, इथे प्रत्येक नगाला स्वतःचा नंबर लागतो. ९६ बिट असतात, त्यातले ३८ बिट फक्त सिरीयलला, म्हणजे एकाच डिझाइनचे २७ हजार कोटींहून जास्त टॉवेल वेगवेगळे ओळखता येतात, नंबर कमी पडायचा प्रश्नच नाही. प्रिंटरवाल्याकडून शेवटचा सिरीयल लिहून घ्या आणि पुढची खेप तिथूनच चालू करा, सॉफ्टवेअर नसेल तर वहीत लिहा पण लिहा.

आणि बॉर्डरला जरीचा किंवा लुरेक्सचा धागा असेल तर लेबल त्यापासून लांब शिवा. धातू आणि पाणी हे या लहरींचे जुने शत्रू. २००५ च्या सुमाराला पाण्याच्या बाटल्या, पत्र्याचे डबे असलेली खोकी रीडरला धड वाचताच यायची नाहीत, तेव्हाचा प्रयोग थंडावला त्याला हेही एक कारण होतं. कपड्याला हा त्रास कमी, म्हणून २०१० मध्ये वॉलमार्टने परत सुरुवात केली ती जीन्सपासून, आणि २०२२ मध्ये घरगुती सामानावर आले, तिथे तुमचा टॉवेल सापडला.

रोखठोक:
मला मुळात प्रत्येक नगाला टॅगच नको वाटतो. आपल्याकडे कोट्यवधी गाईम्हशींच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर १२ आकडी नंबर आणि बारकोड, त्यात चिप नाही, तरी काम चाललंय. खोक्याला एक टॅग लावा, आतल्या नगांना बारकोड राहू दे, खर्च एकदम खाली येईल. आणि टॅग लेबलात शिवून घरापर्यंत जातो त्याचं काय? २००३ मध्ये बेनेटनने कपड्यात टॅग घालायचं ठरवलं तेव्हा लोकांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीने माघार घेतली. चिप कायमची बंद करायची सोय त्यात असते, पण दुकानं ती वापरतात का?

गोदामकर_भिवंडी:
खोक्याला एक टॅग लावून खोकं कळतं, आत ४८ आहेत की ४६ हे नाही कळत. भांडण तर त्या दोनावरच होतं.

उरणकर:
मी सीएचएकडे, म्हणजे कस्टमची कामं करून देणाऱ्या एजंटकडे कामाला आहे, न्हावा शेवाला. पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न आमच्याकडेही येऊन गेलाय म्हणून लिहितो. पूर्वी कारखान्यात कंटेनर भरला की सील मारायला एक्साइजचा अधिकारी यायचा, तो येईपर्यंत गाडी उभी, ड्रायव्हर उभा, हॉल्टिंग चढतंय. २०१७ पासून निर्यातदाराने स्वतःच आरएफआयडीवालं इलेक्ट्रॉनिक सील लावायचं आणि बंदरावर कस्टमने ते रीडरने वाचायचं असं झालं. सील निर्यातदाराच्या खिशातून, सुरुवातीला सगळे चिडले होते, पण आता कुणी बोलत नाही कारण गाडी उभी राहत नाही, वाचलेला दिवस त्याचाच असतो. तेव्हा यंत्रमागवाल्या दादांचं म्हणणं मला अर्धं पटतं. ज्याचा खर्च त्याचाच फायदा असेल तर कुरकुर आपोआप थांबते. टॉवेलमध्ये तसं झालेलं नाही, आणि ते होणार नाही असं मानून गप्प बसणंही बरोबर नाही.

गोदामकर_भिवंडी:
मग फायदा आपल्याकडे ओढून घ्या ना. दादा, तुम्हाला माल कमी आला म्हणून डेबिट नोट येतात का?

यंत्रमाग_सोलापूर:
येतात की. वर्षाला तीन-चार तरी. आम्ही म्हणतो भरला होता, ते म्हणतात आला नाही, आमच्याकडे पॅकिंग लिस्टशिवाय पुरावा काय, कापून घेतात.

गोदामकर_भिवंडी:
हाच तर पुरावा तुमच्या लेबलात शिवलेला आहे आणि तुम्ही तो वापरत नाही. खोकं टेप मारून बंद झालं की एकदा रीडरखालून काढा, आतल्या प्रत्येक टॉवेलचा नंबर, तारीख, वेळ, खोक्याचा नंबर, सगळं फाइलमध्ये साठवा आणि इनव्हॉइससोबत पाठवून द्या. समोरच्याने दोन नग कमी म्हटलं की विचारा, कुठले दोन, नंबर सांगा. आमच्या इथे एका पार्टीने हे चालू केल्यापासून शॉर्टेजच्या नोटा जवळपास बंद झाल्यात.

यंत्रमाग_सोलापूर:
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, निर्यातदारानेही नाही. आम्ही रीडर फक्त टॅग जिवंत आहे का बघायला वापरतो. शॉर्टेजचे पैसे वाचले तर टॅगचा बराच खर्च निघेल हे हिशोबात बसतंय. तरी रेटचा मुद्दा मी सोडणार नाही, पुढच्या कोटेशनला टॅगची ओळ वेगळी टाकणार आहे, नाकारली तर नाकारू देत, पण ती ओळ त्यांच्या डोळ्यासमोर आली पाहिजे. खोकं आत ढकलायचं बोगद्यासारखं मशीन येतं त्याची किंमत एकट्याला झेपणारी नाही, शेजारच्या पाच-सहा युनिटवाल्यांनी मिळून घेतलं तर कसं पडेल?

लहरी_इंजिनिअर:
बोगदा लगेच नको. एक साधा फिक्स रीडर, दोन अँटेना आणि पॅकिंगच्या टेबलाभोवती जाळी, म्हणजे शेजारच्या खोक्यातले टॅग वाचले जाणार नाहीत. ओल्या दिवसात एकदा आणि कोरड्या दिवसात एकदा वाचून बघा, सुताने ओल धरली की अंतर कमी होतं. खोक्याचं माप आणि एका खोक्यात किती नग बसतात ते इथे टाका, अँटेना कुठे लावायचे ते सांगतो.