मदत हवी आहे: निलगिरी ताहर आणि हिमालयी ताहर, नेमका फरक कसा मांडू?

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावीला, सोलापुरातच. प्रकल्पाला नान्नजचा माळढोक घे म्हटलं तर म्हणे, "बाबा, सगळा वर्ग तोच घेतोय!" म्हणून डोंगरातले दोन ताहर (शेळी-मेंढीसारखे रानटी प्राणी) निवडलेत.

पूर्वी दोघे हेमिट्रॅगस या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) होते. 2005 साली डीएनएच्या अभ्यासातून कळलं की निलगिरी ताहर मेंढ्यांना जवळचा आणि हिमालयी ताहर शेळ्यांना. म्हणून निलगिरीवाल्याला निलगिरिट्रॅगस ही वेगळी प्रजाती मिळाली. दिसायला म्हणाल तर दोघंही बोकडच!

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत निलगिरी ताहर 'धोक्यात', हिमालयी त्याहून दोन पायऱ्या सुरक्षित, 'धोक्याच्या उंबरठ्यावर'. गंमत म्हणजे न्यूझीलंडमध्ये 1904 साली शिकारीसाठी सोडलेला हिमालयी ताहर तिथे आता उपद्रवी ठरलाय आणि मारावा लागतोय.

अडलंय दोन ठिकाणी. विश्वकोशात 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज, पण पेपरवाले सर्रास उलटं लिहितात. तक्त्यात काय ठेवावं? आणि निलगिरी ताहर दिसतो त्या केरळातल्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलेल्या कुणाकडे स्वतः काढलेले फोटो आहेत का? शुक्रवारी जमा करायचंय.