शेवंतीचे खुडलेले शेंडे
शेवंतीचे खुडलेले शेंडे मुळं फुटावीत म्हणून पाण्याच्या पेल्यात ठेवले की कुजतात, असं तुम्ही म्हणताय. पाण्याऐवजी ओली रेती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. शेंडा 2-3 इंचांचा हवा आणि पेराच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) जरा खाली धारदार ब्लेडने कापलेला. नखाने खुडलं की टोक चेचतं आणि बुरशी तिथूनच शिरते. खालची पानं काढायचीच. रेतीला टेकलेलं पान आधी सडतं. वरून पारदर्शक पिशवी घाला, पण पानांना चिकटू देऊ नका. जागा उजेडाची, ऊन मात्र नको. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. हे सगळं जून-जुलैतच उरका, कारण दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळ्या धरते आणि कळीवाला शेंडा मुळं सोडायला फार का-कू करतो.