मदत हवी आहे: चारपैकी एकाच कॉम्प्युटरवर पट्टी सेव्ह होत नाही, १३ तारखेपासून एरर

मोंढा_लातूर

नमस्कार मंडळी. लातूरच्या मोंढ्यात आडत दुकान आहे. पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला देतो तो हिशोबाचा कागद; ती करायचं आडतीचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिकमध्ये बनवून घेतलेलं आहे. डेटा आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसमध्ये आहे आणि त्याला चार कॉम्प्युटर जोडलेत. सोयाबीनची आवक वाढणार म्हणून काट्याजवळचा जुना काढून १ ऑक्टोबरला नवा बसवला. १२ तारखेपर्यंत त्यावर पट्ट्या बिनबोभाट झाल्या. १३ पासून सेव्ह दाबलं की एरर:

"द कन्व्हर्जन ऑफ अ वारकार डेटा टाइप टू अ डेटटाइम डेटा टाइप रिझल्टेड इन ॲन आउट-ऑफ-रेंज व्हॅल्यू."

तीच पट्टी बाकीच्या तिन्हींवर सेव्ह होते. या एकावर मात्र मुनीमजींच्या लॉगिननेही एरर आणि मालकांच्या लॉगिननेही एरर. खतावणी उघडते, जुन्या पट्ट्या दिसतात. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, केबल बदलली, अँटिव्हायरस बंद करून पाहिला. मधल्या काळात कुठलंही अपडेट नाही. सॉफ्टवेअरवाले सोमवारी येणार. तोवर काय करावं?

परळीचा_भाऊ

दादा, फायरवॉलमध्ये १४३३ पोर्ट, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरशी बोलायची वाट, उघडा आहे का बघा. नव्या कॉम्प्युटरवर बहुतेक तिथंच अडतं.

गोदाकाठ

भाऊ, फायरवॉल नाही. खतावणी उघडतेय म्हणजे जोडणी ठीक आहे. शिवाय हा एरर सर्व्हरचंच उत्तर आहे, त्याचा नंबर २४२. निरोप सर्व्हरपर्यंत पोचला, त्यातली तारीख त्याला लागली नाही.

मोंढा_लातूर, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: १२ पर्यंत चालतं, १३ ला थांबतं. महिने बाराच असतात. तुमचं सॉफ्टवेअर तारीख मजकूर म्हणून पाठवतं, आणि तो मजकूर त्या कॉम्प्युटरच्या विंडोजमधल्या शॉर्ट डेटप्रमाणे तयार होतो. नव्यावर भारतीय पद्धत असणार, म्हणजे आधी दिवस, मग महिना. सॉफ्टवेअर ज्या लॉगिनने सर्व्हरला जोडलं जातं त्याची भाषा नेहमीसारखी यूएस इंग्लिश असेल तर सर्व्हर पहिला आकडा महिना धरतो. १३-१० आलं की तेरावा महिना शोधतो आणि एरर देतो.

खात्री करून घ्या. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, 'आयएनटीएल डॉट सीपीएल' टाइप करा, फॉरमॅट आणि शॉर्ट डेट काय आहे ते चारही कॉम्प्युटरवर लिहून घ्या. अजून काही बदलू नका.

मोंढा_लातूर

बरोबर. जुन्या तिन्हींवर इंग्लिश युनायटेड स्टेट्स, महिना आधी. नव्यावर इंग्लिश इंडिया, दिवस आधी. मग नवाही यूएसवर टाकला की झालं ना?

गोदाकाठ

एरर जाईल. पण त्याआधी दुसरी गोष्ट बघा, ती एररपेक्षा मोठी आहे. बिघाड १३ ला सुरू झालेला नाही, तो पहिल्या दिवसापासून आहे. १ ते १२ तारखेच्या पट्ट्या सेव्ह झाल्या त्या उलट्या होऊन. ३ ऑक्टोबरची पट्टी, म्हणजे ०३-१०, सर्व्हरने १० मार्च म्हणून ठेवली असेल. छापील पट्टीवर तारीख स्क्रीनवरून येत असेल तर ती बरोबर निघते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

शोधायला सोपं आहे. ऑक्टोबरच्या उलटलेल्या सगळ्या पट्ट्या कुठल्या ना कुठल्या महिन्याच्या १० तारखेलाच सापडतील. १, २ आणि ३ ऑक्टोबरच्या जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात गेल्या. ४ ते ९ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये. ११ आणि १२ च्या अजून न आलेल्या १० नोव्हेंबर आणि १० डिसेंबरला. फक्त १० ऑक्टोबरची योगायोगाने जागेवर असेल. पट्टी नंबरच्या क्रमाने यादी काढा आणि कच्च्या पट्टीशी ताडून पहा.

मोंढा_लातूर

खरंच १० मार्चला सोयाबीनच्या पट्ट्या दिसतायत, नंबर या महिन्याचे. खरेदीदाराची बाकी जुळत नव्हती ती यामुळेच. एक एक उघडून तारीख बदलू का?

गोदाकाठ

नका. त्या कॉम्प्युटरवर पट्टी उघडून परत सेव्ह केली तर तारीख पुन्हा उलटेल. हमाली, तोलाई, खतावणी यांच्या नोंदी वेगळ्या टेबलांत असतील, त्या तशाच राहू शकतात. हे सॉफ्टवेअरवाल्यांनीच एकत्र दुरुस्त करावं. आधी पूर्ण बॅकअप, तो सर्व्हरच्या बाहेर पेनड्राइव्हवर. मग त्याच पट्टी नंबरांपुरती दिवस आणि महिन्याची अदलाबदल. एसक्यूएल सर्व्हर २०१२ किंवा नंतरचा असेल तर डेटफ्रॉमपार्ट्स फंक्शनला वर्ष, दिवस, महिना या क्रमाने आकडे दिले की काम होतं. तारीख बदलणारी अपडेट कमांड चालवण्याआधी नुसतं दाखवणाऱ्या सिलेक्ट कमांडने जुनी आणि नवी तारीख शेजारीशेजारी बघून घ्या.

आजपुरतं: नव्याचा फॉरमॅट बाकी तिघांसारखा करा, सॉफ्टवेअर बंद करून उघडा, एक पट्टी करा आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून तारीख बघा. तारीख हाताने न टाकता कॅलेंडरमधून निवडा, कारण आता ५/११ टाइप केलं तर ११ मे होईल. ही सेटिंग विंडोजच्या प्रत्येक युजरची वेगळी असते. काट्यावर दोघं वेगवेगळ्या युजरने बसत असतील तर दोन्हीकडे बदला.

परळीचा_भाऊ

फायरवॉलचं माझं चुकलं. पण मग सर्व्हरच्या लॉगिनची भाषाच ब्रिटिश इंग्लिश केली तर? कायमचं मिटेल.

गोदाकाठ

भाऊ, तसं केलं तर नवा चालेल आणि जुने तिन्ही बिघडतील, कारण ते महिना आधी पाठवतात. त्यांच्याही १ ते १२ च्या पट्ट्या गुपचूप उलटतील. ऐन आवकेत हे नकोच.

कायमचा उपाय प्रोग्रामच्या कोडमध्ये आहे. तारीख पॅरामीटर म्हणून, तारखेच्याच रूपात वेगळी पाठवावी, म्हणजे मजकुराचा प्रश्नच येत नाही. ते लगेच जमत नसेल तर वर्ष, महिना, दिवस असे सलग आठ आकडे, मध्ये रेघ न घालता. वर्ष आधी लिहून रेघा घातल्या तरी चालेल असं पुष्कळांना वाटतं, पण जुना डेटटाइम प्रकार तेही लॉगिनच्या भाषेप्रमाणे वाचतो. सोमवारी त्यांच्याकडून ही दुरुस्ती नुसत्या पट्टीच्या स्क्रीनवर नको, आवक, पावती आणि तारखेवरून निघणाऱ्या प्रत्येक रिपोर्टमध्ये करून घ्या.

मोंढा_लातूर

फॉरमॅट बदलला, पट्टी सेव्ह झाली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तारीख बरोबर दिसतेय. उलटलेल्या पट्ट्यांची यादी काढायला बसलोय. शेतकऱ्यांना दिलेल्या पट्ट्या परत छापून द्याव्या लागतील का?

गोदाकाठ

हातातल्या कागदावर तारीख बरोबर असेल तर नाही. उलट दुरुस्ती होईपर्यंत त्यातली एकही पट्टी पुन्हा छापू नका, दुसऱ्यांदा छापताना तारीख डेटाबेसमधून येईल आणि १० मार्चची पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाईल.