मुलांना आधी बँडमध्ये बसवावं की आधी हात पक्का करावा?

चिंचवडची_आई: माझी मुलगी अकरा वर्षांची. दोन वर्षं एकटी ड्रम शिकली, ग्रेडची परीक्षाही दिली. जूनपासून क्लास बदलला. नव्या सरांनी पहिल्याच आठवड्यात पाच मुलांचा रॉक बँड केला: दोन गिटार, बेस, ड्रम आणि गाणारी एक. सासऱ्यांना हे पटलेलं नाही. हाताला वळण नाही तोवर बँड कसला, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र उलटं वाटतं. परवा तालमीला बसले होते. मधल्या कडव्यात बेसवाला मुलगा घाईने पुढे गेला. हिने ठेका सोडला नाही. नजर त्याच्या उजव्या हातावर ठेवली आणि पुढच्या समेला झांज अशी हाणली की तो जागेवर आला. परीक्षेच्या तयारीत हे तिला कोणीच शिकवलं नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

जुना_तबलजी: ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीस वर्षं तबला शिकवतोय. चुकीचा हात एकदा बसला की सोडवताना जीव जातो. बँडमध्ये गाणं पुढे रेटायचं असतं, हात कुठून उठतोय हे बघायला कोणाला वेळ आहे? गिटारवाली पोरं तर एकच पकड वरखाली सरकवतात आणि टाळ्या घेतात. आमच्याकडे साथीला बसवण्याआधी नुसता ठेका महिनोन्महिने घोटून घेतात, ते उगाच नाही.

बेसवाला: काका, त्या पकडीला पॉवर कॉर्ड म्हणतात. त्यात सूर दोनच, सा आणि प. तानपुरा आपल्या कानात हेच तर घालतो! म्हणूनच नवशिका मुलगाही महिन्याभरात चौघांबरोबर वाजवू शकतो. इंग्लंडच्या संगीतशिक्षणाच्या अभ्यासक ल्युसी ग्रीन यांनी लंडन आणि आसपासच्या १४ रॉक-पॉप वादकांना ते कसे शिकले हे विचारलं होतं. बहुतेक जण रेकॉर्ड ऐकून, मित्रांबरोबर चुकतमाकत शिकले होते. अमेरिकेत पोर्टलंडला २००१ साली मुलींसाठी रॉक शिबिर सुरू झालं. आठवडाभरात बँड जमवायचा, स्वतःचं गाणं रचायचं आणि शेवटी लोकांसमोर वाजवायचं. काहींनी तर वाद्य पहिल्यांदाच हातात घेतलेलं असतं.

जुना_तबलजी: आठवडाभरात लोकांसमोर? त्या मुलीला टाळ्या मिळाल्या, तर ती पुन्हा एकटी बसून घोटेल का? माझी भीती नेमकी ही आहे.

मडगावकर: काका, आमच्या गोव्याचं सांगतो. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन शिकवायचे. शिस्त कडक. पण तीच मुलं चर्चमध्ये सगळ्यांबरोबर गायची, वाजवायची. घोटणं आणि एकत्र वाजवणं, दोन्ही एकाच वयात. पुढे मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक भरलेले होते, ते या तयारीवर. आधी काय आणि मग काय, हा वादच मला पटत नाही.

कानाची_डॉक्टर: माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. अमेरिकेत कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं, आणि बंद खोलीत ड्रम आणि अँप (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) मिळून तिथे सहज पोचतात. हा हिशोब मोठ्या माणसांचा, मुलांबाबत तर याहून जपायला हवं. कानात बोळे आहेत का हे विचारल्याशिवाय मी मूल पाठवणार नाही.

चिंचवडची_आई: डॉक्टर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज सरांना विचारलं, बोळे कोणाच्याच कानात नव्हते. उद्या पाच जोड घेऊन जातेय.

तबलजीकाका, तुमच्यासाठी एक सांगते. आज गिटारवाल्याने आवाज वाढवला, मग दुसऱ्याने, मग बेसने. सरांनी मुख्य बटणच बंद केलं आणि म्हणाले, असंच वाजवा. हिला काठ्या ठेवून मांडीवर ठेका धरायला लावला. दीड महिन्यात पहिल्यांदा गाणाऱ्या मुलीचे शब्द ऐकू आले. त्यानंतर अर्धा तास सगळ्यांनी एकच ओळ घोटली.

जुना_तबलजी: मांडीवर ठेका धरायला लावणारा मास्तर मला मान्य आहे. तरी डावा हात स्वतंत्र बसवून घ्या, रोज वीस मिनिटं, एकटीला. आणि सासऱ्यांना एकदा तालमीला न्या.